गॅस बंद केल्यावरची वीस मिनिटं

कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली की मी फ्रीजरमधून हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) काढते. संत्र्याचा आणि बिअरचा तसा संबंध नाही, संबंध हवेचा आहे. नागपुरात डिसेंबर आणि जानेवारी हे दोनच महिने असे आहेत की एल प्रकारची बिअर आंबवायला मशीन लागत नाही. पाण्याचा टब आणि उत्तरेकडची खोली पुरते.

मी शहरातल्या एका लहानशा, परवाना असलेल्या ब्रुअरीत काम करते. मोठ्या टाकीत काही नवीन घालायच्या आधी ते २० लिटरच्या मापात करून बघायचं, हा माझा नियम. खाली दिलेली अंबर, म्हणजे तांबूस रंगाची एल त्या मापातली आहे. भांडी, शेगडी, बादली सगळं घरगुती. पण आधीच सांगून टाकते, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याशिवाय स्वतःच्या गच्चीवर स्वतःपुरती बिअर करणं हासुद्धा गुन्हाच. बुटीबोरी ओलांडून वर्धा जिल्ह्यात शिरलात तर विषयच संपला, तिथे पूर्ण दारूबंदी. ही कृती मी मुळात लिहून काढली ती माझ्या भाच्यासाठी. तो सिएटलला असतो आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्यापासून घरी पिण्यापुरती बिअर करायची मुभा आहे, विकायची नाही. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा तुम्ही बघा.

भाच्याने गेल्या वर्षी पहिल्यांदा अंबर केली आणि फोटो पाठवला. रंग सुरेख होता. मग फोन.

"मावशी, वासच नाही गं. शंभर ग्रॅम हॉप्स घातले, नुसतं कडू झालंय."

"घातलेस कधी?"

"उकळी आली तेव्हा. सगळे."

"आजी वरणात सांबार कधी टाकते?"

"शेवटी." थोडा वेळ शांतता. "अच्छा."

(सांबार म्हणजे कोथिंबीर. विदर्भाबाहेरच्यांसाठी.)

हॉप्सकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या दोघींचं आपसात पटत नाही. कडूपणा येतो अल्फा आम्लांतून. ही आम्लं आहेत तशी पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळत ठेवली की त्यांची रचना बदलते, मग विरघळतात, आणि त्याला तासभर लागतो. वास येतो तेलांतून. ती उकळत्या भांड्यात काही मिनिटंही थांबत नाहीत. लहानपणी लाइट गेले की आम्ही मेणबत्तीवर संत्र्याची साल पिळायचो, तडतड ठिणग्या उडायच्या. ते सालीतलं तेल. त्यातला मुख्य घटक लिमोनीन आणि हॉप्सच्या तेलातला मोठा घटक मिर्सीन, दोघांचं रासायनिक सूत्र एकच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. उडून जायची घाई दोघांनाही. म्हणून बिअर शिजताना गल्लीभर घमघमाट सुटला की लोक खूश होतात, आणि मला वाईट वाटतं. गल्लीत गेलेला वास ग्लासात येत नाही.

तेव्हा या अंबरमध्ये कडूपणापुरते चिमूटभर हॉप्स सुरुवातीला, आणि बाकी सगळा माल शेवटी. त्यातलाही मोठा हिस्सा गॅस बंद केल्यावर.

सामान असं. (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव.) साधा पेल माल्ट ४ किलो, म्युनिक माल्ट ५०० ग्रॅम, मध्यम क्रिस्टल माल्ट (रंगाच्या मापात १२० ईबीसीच्या आसपासचा) ४०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट ५० ग्रॅम. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं, तो करपेपर्यंत भाजलेला जव असतो, आणि तो फक्त रंगासाठी आहे. ५० च्या जागी १०० घातलात तर अंबरची पोर्टर (काळपट बिअर) व्हायला निघते. हॉप्स तीन जातींचे: मॅग्नम १० ग्रॅम, कॅस्केड ५५ ग्रॅम, सेंटेनियल ५० ग्रॅम. यीस्ट सॅफेल यूएस-०५ चं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. शेवटी बाटल्यांसाठी साखर. कॅस्केड मी सोडत नाही. १९७२ साली बाजारात आलेली जुनी जात आहे, नव्या जातींपुढे तिची चर्चा आता कमी होते, पण क्रिस्टल माल्टच्या कॅरॅमलसारख्या गोडव्यावर तिचा मोसंबी-पपनसाच्या सालीचा वास जसा बसतो तसा त्या आंब्या-अननसाच्या वासाच्या जातींचा बसत नाही. ते आयपीएमध्ये, म्हणजे हॉप्सचा मारा असलेल्या एलमध्ये ठीक.

माल्ट दळायचा नाही, भरडायचा. दाणा फुटला पाहिजे आणि साल शक्यतो अख्खी राहिली पाहिजे, कारण गाळताना तीच गाळणीचं काम करते. मिक्सर नको. पीठ झालं की लापशी होते आणि मग ती गळता गळत नाही.

भांडं म्हणजे ४० लिटरचा स्टीलचा गंज, इतवारीतून आणलेला. (पुण्याच्या लोकांनी दचकू नये, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात.) माल्ट ठेवायला पिशवी लागते. ती गांधीबागेतून पडद्याचं पातळ जाळीदार पॉलिएस्टर आणून गंजाच्या मापाने शिवून घेतली. शिंप्याने विचारलं, एवढी मोठी पिशवी कायले पाहिजे? म्हटलं, चक्का बांधायला. गंजाच्या तळाशी कुकरमधली जाळी उपडी ठेवते, म्हणजे पिशवी तळाला लागून जळत नाही.

पाण्याबद्दल. नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं आणि ते बिअरला चालण्यासारखं आहे, फक्त त्यातलं क्लोरीन काढायला हवं. क्लोरीन राहिलं तर आंबवल्यावर औषधासारखा, डेटॉलच्या जवळ जाणारा वास येतो आणि तो कशानेही जात नाही. ३० लिटरला पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी कुटून टाकायची, पाच मिनिटांत काम होतं. बोअरचं पाणी मात्र घेऊ नका. त्याच्यात क्षार आणि अल्कली जास्त, त्याने हॉप्सचा कडूपणा जिभेवर खरखरीत लागतो. बोअरशिवाय गत्यंतर नसेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. पाण्यात ५ ग्रॅम खाण्याच्या दर्जाचं जिप्सम घातलं तर कडूपणाला नेमकी धार येते. खाण्याच्या दर्जाचं म्हणजे औषधांच्या किंवा फूड केमिकलच्या दुकानातलं. आमचा मदतनीस एकदा हार्डवेअरमधून पीओपीची पिशवी घेऊन आला होता.

आता मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवणं. १५ लिटर पाणी ७४ अंशांपर्यंत तापवायचं, पिशवी लावायची आणि माल्ट हळूहळू सोडत ढवळत राहायचं. थंड माल्ट पडला की पाणी ६७ वर येतं, आपल्याला तेच हवंय. ७४ हा आकडा डिसेंबरच्या सकाळचा, पोत्यातला माल्ट १५ अंशांवर असतो तेव्हाचा. हीच गोष्ट मेमध्ये केली तर पोत्यातला माल्टच ४० अंशांवर असतो आणि पाणी ७१ ला घ्यावं लागतं. परदेशातल्या कृतीतला आकडा जसाच्या तसा उचलला की फसगत होते ती इथेच. झाकण घालून जुनी गोधडी गुंडाळा आणि तासभर विसरा. तासाने ढवळून थेंबभर चाखा. चहात चार चमचे साखर घातल्यासारखं गोड लागलं पाहिजे.

पिशवी उचलून गंजावर टांगायची. तिच्यावरून आणखी १५ लिटर पाणी, ७६ अंशांचं, तांब्या-तांब्याने ओतायचं. ७६ च्या वर नको, सालीतला तुरटपणा उतरतो. पिशवी पिळू नका वगैरे लोक सांगतात. मी पिळते, काही होत नाही. चोथा गाईला जातो. गंजात साधारण २५ लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी) जमलं पाहिजे आणि हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजायची काचेची नळी) १.०४२ च्या आसपास दिसलं पाहिजे. हायड्रोमीटर २० अंशांच्या द्रवासाठी आखलेला असतो. गरम वर्टमध्ये बुडवून आकडा वाचू नका, नमुना थंड करा.

उकळी मोठ्या शेगडीवर, झाकण उघडं. झाकण ठेवलं तर उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास बिअरमध्ये अडकून राहतो, तो वाफेबरोबर जाऊ द्यायचा असतो. पहिला फेस दुधासारखा एकदम वर येतो, तेव्हा गंजापासून हलू नका. फेस बसला की १० ग्रॅम मॅग्नम टाका आणि घड्याळ लावा, ६० मिनिटं. पुढची ५० मिनिटं काहीच करायचं नाही. भाच्याला हे सगळ्यात जड जातं, त्याचा हात शिवशिवतो.

५० मिनिटं झाली, म्हणजे १० उरली, की कॅस्केड २५ आणि सेंटेनियल २० ग्रॅम. गंमत बघा: सुरुवातीच्या १० ग्रॅम मॅग्नममधून जेवढा कडूपणा येतो, साधारण तेवढाच या ४५ ग्रॅममधून १० मिनिटांत येतो. अल्फाचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचत चला; मी धरलेले आकडे मॅग्नम १२ टक्के, कॅस्केड ६, सेंटेनियल १० असे आहेत. या १० मिनिटांच्या हॉप्समधून चव येते, नुसता वास नाही, नुसता कडूपणाही नाही. वर्ट थंड करायची तांब्याची गुंडाळीही याच वेळी गंजात सोडून ठेवा, उकळत्या वर्टमध्ये ती निर्जंतुक होते.

६० मिनिटं झाली. गॅस बंद. इथे घाईने उरलेले हॉप्स टाकायचे नाहीत.

९८-९९ अंशांवर तेल अजून उडतंच असतं आणि अल्फाही बदलत असतात, म्हणजे वास कमी आणि कडू जास्त. आधी ८० पर्यंत उतरवायचं. माझी तांब्याची नळी १० मीटरची आहे, गोल गुंडाळलेली. तिच्यातून नळाचं पाणी सोडलं की डिसेंबरात पाच-सात मिनिटांत काटा ८० वर येतो. पाणी बंद. मग कॅस्केड ३० आणि सेंटेनियल ३० ग्रॅम, निर्जंतुक केलेल्या पळीने एकाच दिशेने जोरात ढवळायचं, मधे भोवरा पडला पाहिजे. झाकण. २० मिनिटं.

झाकण उघडून बघायचा मोह होतो. नका उघडू. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब साचलेले असतात, त्यात तेल असतं. ते परत खाली पडू द्या. २० मिनिटांनी काटा ७५-७६ वर आलेला असतो, तेवढं चालतं. झाकण काढल्यावर जो वास येतो तो उकळीच्या वेळच्या वासासारखा नसतो. उकळीत गवताचा, उग्र, हिरवा वास असतो. हा सोललेल्या संत्र्याचा, आणि त्याच्यामागे ओल्या देवदाराच्या फळीसारखं काहीतरी.

यापुढे घाई. वर्ट जितकं रेंगाळेल तितका कडूपणा चढत जातो आणि जंतूंनाही निमंत्रण. ७५ पासून ४० पर्यंत नळाचं पाणी चालवते, ते गरम होऊन बाहेर येतं, त्यात भांडी घासून होतात. ४० च्या खाली नळाचं पाणी दमतं. तिथे आमचा कूलरचा पंप येतो. नागपूरच्या प्रत्येक घरात जून संपला की एक कूलर निकामी होऊन गच्चीवर जातो. त्यातला पंप चांगला असेल तर काढून घ्या. टबात १० किलो बर्फ आणि पाणी, त्यात पंप, पंपाची नळी तांब्याच्या गुंडाळीला, दुसरं टोक परत टबात. बर्फाचं पाणी फिरत राहतं. टब गंजाच्याच उंचीवर ठेवा, कूलरच्या पंपाला दम नसतो, खालून वर ढकलायला लागला की धापा टाकतो. २० मिनिटांत ४० वरून २० वर. सगळंच बर्फाने थंड करायला गेलात तर तिप्पट बर्फ लागेल, म्हणून आधी नळ.

नळीचे जोड गंजाच्या बाहेर ठेवा. माझा एक क्लॅम्प पहिल्या वर्षी गंजाच्या बरोबर वर होता. सैल झाला आणि टबातलं पाणी वर्टमध्ये टपकत राहिलं. मी तिकडे पाठ करून बादली धूत होते. आठ दिवसांनी त्या बिअरला आंबलेल्या ताकाचा वास आला आणि २० लिटर मोरीत गेली.

बादली ३० लिटरची, झाकणाला एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी झडप). ती, झाकण, नळ्या, पळी, कात्री, यीस्टचं पाकीटसुद्धा, उकळीनंतर वर्टला जे जे लागणार ते सगळं स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचं, लिटरला दीड मिलि. फेस राहिला तर राहू द्या, धुवायचा नाही. थंड वर्ट वरून धबधब्यासारखं बादलीत ओता, या एका वेळी हवा मिसळलेली चांगली, यीस्टला लागते. तळाचा गाळ गंजातच राहू द्या. आकडा १.०५२ च्या जवळपास यावा. यीस्ट वरून भुरभुरवा, झाकण लावा.

बादली मी उत्तरेकडच्या खोलीत, पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात ठेवते. इथली थंडी फसवी आहे. पहाटे ११-१२ अंश आणि दुपारी २८, एका दिवसात एवढी उडी. बादली उघड्या फरशीवर ठेवली तर यीस्ट रात्री गारठून बसतं आणि दुपारी पिसाळतं. टबातलं पाणी ही उडी खाऊन टाकतं. पहिले तीन-चार दिवस आतला द्रव १८-१९ अंशांवर हवा. लक्षात ठेवा, आंबताना स्वतःची उष्णता तयार होते, खोली १८ असेल तर बादली २१-२२ सहज होते. हे दिवस महत्त्वाचे. याच दिवसांत २६-२७ झालं तर नेलपॉलिशसारखा झणझणीत वास येतो आणि हॉप्सची सगळी मेहनत त्याच्याखाली गाडली जाते. दुपारी टबात बर्फाची एक बाटली सोडली की पुरतं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर २१-२२ झालं तर उलट चांगलं, यीस्ट मागचं आवरून घेतं. दहाव्या दिवशी मोजा, बाराव्या दिवशी परत मोजा. दोन्ही वेळा १.०१२ किंवा १.०१३ दिसलं तर झालं. ५ टक्क्यांच्या थोडं वर अल्कोहोल.

आंबवल्यावर वरून कोरडे हॉप्स घालायची पद्धत आहे. अंबरमध्ये मी घालत नाही. माल्टची चव मागे पडते आणि बादली उघडली की हवा शिरते. वाद घालणारे घालोत.

हॉप्स ठेवण्याबद्दल. हवाबंद पाकीट आणि फ्रीजर, दुसरा उपाय नाही. एका मे महिन्यात मागवलेलं पार्सल कुरियरच्या गोदामात चार दिवस पडून राहिलं, पत्र्याच्या छपराखाली. पाकीट फोडलं तसा मदतनीस दोन पावलं मागे सरकला. "ताई, कोणाचे मोजे होय जी?" जुन्या हॉप्सना अगदी तसाच वास येतो, जुन्या चीजचा, घामट मोज्यांचा. अल्फा आम्लं हवेने आणि उन्हाने मोडली की असं होतं. तेव्हापासून माझी वर्षाची मागणी एकदाच जाते, नोव्हेंबरात. अमेरिकेतली हॉप्सची तोडणी ऑगस्टअखेर-सप्टेंबरात होते, त्यामुळे माल ताजाही मिळतो. उघडलेल्या पाकिटातली हवा दाबून काढा, चिकटपट्टी लावा, तारीख लिहा.

बाटल्या भरताना १९ लिटरला ११५ ग्रॅम साखर, ग्लासभर पाण्यात उकळून, थंड करून, स्वच्छ बादलीच्या तळाशी. त्यावर बिअर नळीने हळू उतरवा, आता मात्र अजिबात फेसाळू द्यायची नाही. काचेच्या जाड बाटल्या, क्राऊन झाकणं. साखर अंदाजाने टाकू नका, वजन करा. जास्त झाली तर बाटल्या फुटतात, आणि फुटलेल्या बाटलीची काच भिंतीत रुतलेली मी पाहिली आहे. दोन आठवडे खोलीत, त्यानंतर फ्रीजमध्ये. रंग बघायचा तर खिडकीशी धरून, बिनदुधाच्या चहासारखा दिसला पाहिजे. तर्रीसारखा लाल दिसत असेल तर क्रिस्टल जास्त पडलाय.

शेवटी टाकलेल्या हॉप्सचा वास टिकत नाही. फ्रीजमध्ये सहा-आठ आठवडे मजेत, त्यानंतर ओसरायला लागतो. जानेवारीत भरलेली होळीपर्यंत संपवून टाका. मी दर वर्षी एक बाटली मुद्दाम बाहेर कपाटात ठेवते आणि मेमध्ये नव्या मुलांना हुंगायला देते. संत्रं गेलेलं असतं, देवदार गेलेला असतो, उरतो तो पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. मग ती मोरीत ओततो आणि बाटली धुऊन ठेवतो.